जुनी कॅम्पर फोर बाय फोर : चाक लोंबतच नाही, पाट्यांचं काय करू?

केळदवाट
८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

केळदजवळ आमची दीड एकर जमीन आहे. कोथरूडहून नसरापूर, वेल्हे करत केळद, आणि डांबर संपलं की साधारण आठशे मीटर जुनी बैलगाडीची वाट. या वाटेवर दोन ठिकाणी पावसाच्या पाण्याने चर पाडलेत आणि दोन्ही तिरपे आहेत. पुढचं डावं चाक एका काठावर चढतं तेव्हा मागचं उजवंही दुसऱ्या काठावर चढलेलं असतं. उरलेल्या दोन चाकांनी खाली लोंबायला हवं. पुढचं उजवं जेमतेम टेकतं, मागचं डावं सरळ हवेत राहतं. मग फोर बाय फोर टाकलेली असूनही ती दोन चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी तिथेच.

गाडी २००८ ची बोलेरो कॅम्पर, डबल केबिन. पुढेमागे सरळ ॲक्सल, चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग). पाच वर्षांपूर्वी मंचरच्या एका भाजीपाला वाहणाऱ्याकडून घेतली. इंजिन, क्राउन, ट्रान्सफर केस ठणठणीत. मागे आठ पाटे आणि त्यांच्याखाली दोन जाड हेल्पर (भार आल्यावरच कामाला लागणारे पाटे).

गेल्या जुलैत केशर आंब्याची पंचवीस कलमं घेऊन गेलो. पहिल्याच चरात अडकलो. वडील शेजारच्या सीटवर होते, वय ७४. मी दगड शोधतोय तोवर त्यांनी दोन कलमं बखोटीला मारली आणि त्या पावसात चालायला लागले. थांबा म्हणालो, थांबले नाहीत. यंदाच्या पावसात तसं होऊ द्यायचं नाही, एवढाच माझा हेतू आहे. गाडी उंच करून मिरवायची नाही. खडकांवर खेळायचं नाही.

एका मित्राची भोसरी एमआयडीसीत शेड आहे. तिथे सपाट काँक्रीटवर गाडी उभी करून फोर्कलिफ्टने पुढचं डावं चाक हळूहळू उचललं. ३८ सेंटीमीटरला मागचं डावं चाक जमीन सोडायला लागलं. गाडी रिकामी, चाकांत हवा ३५ पीएसआय.

कुठून सुरुवात करू?

---

डांबरचोर
८ जून, रात्री ११:१५

दादा, दोन इंचांचा लिफ्ट आणि मोठे टायर. माझ्या जिप्सीला केलंय, फरक जाणवतो.

---

पाटेकमान
९ जून, सकाळी ७:०५

लिफ्टने उंची मिळते, लोंबणं मिळत नाही. लिफ्टसाठी जास्त कमानीचे कडक पाटे घातले तर असलेलंही जातं. डांबरचोर भाऊ, तुमच्या जिप्सीत जो फरक पडला तो मोठ्या टायरने पोट वर गेल्याचा असणार.

आमच्या घरी तीन पिढ्या पाट्यांचं काम. आजोबा भट्टीवर बसायचे, वडील मार्केट यार्डाच्या ट्रकांचे पाटे करायचे, मीही तेच करतो. केळदवाट, तुमचं वाचून पहिली शंका आली ती आठ पाट्यांची. मंचरहून माल भरून यायची म्हणता, म्हणजे आधीच्या मालकाने एक जादा घातला असेल. आमच्याकडे कांदा-बटाट्याच्या निम्म्या गाड्या त्याच कामाला येतात. खाली बसून चार गोष्टी बघून सांगा.

एक, पाट्यांच्या कडा. सगळ्यांची जाडी एकच आहे की एखादा वेगळा दिसतो? दोन, पाट्यांच्या मधे गंज फुगून आलाय का? गंजलेला जुडगा एकमेकांवर घसरतच नाही, सगळा मिळून एकच जाड पाटा होऊन बसतो. तीन, शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी, कुठल्या कोनात उभी आहे आणि हाताने ग्रीस घेते का. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, चेसीला जॅक लावून मागची चाकं लोंबवा आणि शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. ॲक्सल अजून खाली गेला तर तुमचे पाटे नाही, शॉकअप अडवतोय.

तोवर काही विकत घेऊ नका.

---

निवृत्त_वर्कशॉप
९ जून, सकाळी ९:३०

पाटेकमान यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी आर्मीच्या वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची खडकीला. जोंगा, ट्रक, जे हाताखालून गेलं त्याला बहुतेक पाटेच. एक्सरसाइजला गाडी जायच्या आधी आम्ही पाटे उघडून तारेच्या ब्रशने घासायचो, ग्रॅफाइट ग्रीस लावायचो, मग बांधायचो. तीच गाडी, तेच पाटे, आणि चाक दोन बोटं जास्त खाली जायचं. चिखलपाण्याची गाडी असेल तर दर पावसाळ्यानंतर हे करावंच.

बाळा, वडिलांना चालावं लागलं हे वाचून वाईट वाटलं. होईल काम.

---

केळदवाट
११ जून, रात्री ९:२०

काका, धन्यवाद. पाटेकमान दादा, रविवारी सकाळी सहालाच गाडीखाली गेलो. उत्तरं क्रमाने देतो.

वरून पाचवा पाटा खरंच वेगळा निघाला. बाकीचे ८ मिलिमीटर, हा १० चा. टोकंही कापलेली, घासलेली नाहीत. गंज भरपूर. दोन पाट्यांच्या मधे हॅकसॉचं पातं घालायला गेलो, नाही गेलं. शॅकल डावीकडची जवळजवळ उभी, उजवीकडची किंचित मागे झुकलेली. ग्रीस निपलच तुटलेला.

आणि शॉकअप. गाडी उभी असताना आयपासून आयपर्यंत, म्हणजे दोन टोकांच्या भोकांमधे, ४१ सेंटीमीटर. ॲक्सल लोंबवल्यावर ४९ ला शॉकअप पूर्ण उघडून ताठ. बोल्ट काढला तर ॲक्सल ५४ पर्यंत गेला! म्हणजे पाच सेंटीमीटर शॉकअपनेच धरून ठेवले होते. गंजलेल्या पाट्यांसकट. वरच्या बाजूला ॲक्सलला थोपवणारं बंपचं रबर ३३ ला लागतं. शॉकअप काढून दाबला तर ३१ ला पूर्ण बंद.

दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं वरखाली होऊ न देणारा स्टॅबिलायझर बार पुढेही नाही, मागेही नाही.

---

मावळा४बाय४
११ जून, रात्री १०:०२

मग एवढी खटपट कशाला? बिजागरीची शॅकल मिळते, चाक लोंबलं की उघडते आणि ॲक्सल अजून चार-पाच इंच खाली सोडते. एका दिवसाचं काम.

---

स्प्रिंगरेट
१२ जून, सकाळी ८:१०

मी एका टेस्टिंग लॅबमध्ये सस्पेन्शनच्या रिगवर काम करते, म्हणून या प्रश्नावर थोडं विस्ताराने लिहिते.

बिजागरीच्या शॅकलने चाक खाली जातं हे खरं. पण चाक टेकलं म्हणजे त्यावर वजन आलं असं नाही. शॅकल उघडली की पाट्याचा जोर संपलेला असतो, चाक फक्त स्वतःच्या आणि ॲक्सलच्या वजनाने जमिनीला लागलेलं असतं. पकड येते ती वजनातून. फोटोत चाक दगडाला टेकलेलं सुंदर दिसतं आणि गाडी तिथेच उभी राहते. शिवाय उताराला ब्रेक मारताना ती शॅकल अचानक उघडते-मिटते, तेव्हा बसणारा झटका मी स्वतः अनुभवलाय. केळदवाट दर खेपेला डांबरावरून वेल्ह्यापर्यंत जाणार. मी नाही सुचवणार.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एका चाकाला पकड नसेल तर दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य टॉर्क मिळतो. म्हणून मागचं डावं हवेत गेलं की चांगलं टेकलेलं मागचं उजवंही निकामी. त्या हवेतल्या चाकावर शंभर-दीडशे किलो जरी राहिले तरी हिशेब बदलतो. आपल्याला चाक खाली सोडायचं नाहीये, पाट्याने चाकाला खाली दाबत राहावं हे हवंय.

आता पाट्याचं गणित. एका पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ आणि १० मधे दिसायला दोनच मिलिमीटर, पण १० चा एक पाटा ८ च्या जवळजवळ दोन पाट्यांएवढा कडक: ८ चा घन ५१२, १० चा घन १०००. म्हणजे तुमच्याकडे मागे आठ नाहीत, नऊ पाट्यांचा कडकपणा आहे. मूळ सातच्या हिशेबाने जवळपास २८ टक्के जास्त. आणि जाड पाटा तेवढाच वाकवला तर त्याच्यावर ताणही जास्त येतो, म्हणून असे मधे घुसवलेले पाटेच आधी तुटतात.

लांबीचं याच्या उलट. लांबी दहा टक्के वाढली तर कडकपणा पाव हिश्शाने उतरतो. म्हणून लांब पाट्याच्या गाड्या मऊ चालतात. पण त्यासाठी चेसीवरचे ब्रॅकेट हलवावे लागतात, तो मार्ग इथे नको.

हेल्पर पाटे लोंबणाऱ्या चाकाला अडवत नाहीत, पण वर जाणाऱ्या चाकाला अडवतात. तिरप्या चरात एक चाक खाली जायला दुसरं वर जावं लागतं, हे लोक विसरतात. तरी हेल्पर काढू नका, तुम्ही कधीतरी खताच्या गोण्या नेणारच.

तुमचा ३८ चा आकडा नेहमीच्या २० अंशांच्या रॅम्पवर मांडला तर: ३८ भागिले ०.३४२, म्हणजे गाडी रॅम्पवर १११ सेंटीमीटर चढली असती. व्हीलबेस तीन मीटर धरला तर १११ भागिले ३००, गुणिले हजार, ३७०. हा आकडा जितका मोठा, तितकी चाकं जास्त वरखाली होतात. कामानंतर त्याच काँक्रीटवर, त्याच हवेवर पुन्हा मोजा.

---

पाटेकमान
१२ जून, दुपारी १:४०

ताई, आजोबा जे हाताने दाबून सांगायचे ते तुम्ही आकड्यात मांडलंत. ८ चे दोन म्हणजे १० चा एक, हे आमच्याकडे तोंडी चालत आलंय, कारण आज कळलं.

एक इशारा देतो. कोणी सांगेल की पाटे भट्टीत घालून कमान वाढवून देतो. पाटा लाल केला की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, उतरतं. पुन्हा तेलात विझवून, मग बेताची धग देऊन नीट पाणी चढवलं नाही तर महिन्याभरात पाटा बसतो, नाहीतर घाटात तुटतो. नुसता तापवून, ठोकून, हवेत गार केलेला पाटा मी गाडीखाली घालत नाही. तुमच्या पाट्यांची कमान शाबूत असेल तर भट्टीची गरजच नाही.

क्लिपांचं पण सांगतो. जुडग्याला ज्या क्लिपा असतात त्या ठोकून घट्ट केलेल्या असतील तर लोंबताना खालचे पाटे वरच्याला सोडत नाहीत. थोड्या मोकळ्या ठेवायच्या, काढून टाकायच्या नाहीत. काढल्या तर चढाला जोर लावताना मुख्य पाटा एकटा पडतो आणि इंग्रजी एससारखा पिळतो.

---

नियमातलं_बोला
१३ जून, सकाळी १०:२५

कायद्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघते. लिफ्ट, मोठे टायर, हलवलेले ब्रॅकेट यांत माणूस अडकतो.

पण तुमच्या गाडीत गंमत उलटी आहे. जो जादा पाटा आहे तोच मुळात बदल होता. तो काढणं म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणणं. झिजलेले बुश, शॅकल, शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. त्या रेषेच्या आत राहा आणि बिलं जपून ठेवा. मूळ क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नका, हे सांगायला नकोच.

---

केळदवाट
१३ जून, रात्री ८:५०

ठरलं. जादा पाटा काढायचा, बाकी सगळं मोकळं करायचं, शॉकअप बदलायचे. मूळ सातपेक्षा एकही पाटा कमी करणार नाही.

स्प्रिंगरेट ताई, शॉकअप कुठला निवडू? नाना पेठेतल्या एका दुकानदाराने सर्वात लांब तोच समोर ठेवला.

---

स्प्रिंगरेट
१४ जून, सकाळी ७:५५

सर्वात लांब नको. तुमचा आत्ताचा शॉकअप ३१ ला बंद, ४९ ला उघडा. प्रवास १८, म्हणजे १३ सेंटीमीटर निव्वळ शरीर. तसाच बांध्याचा शॉकअप ५५ ला उघडणारा घेतला तर प्रवास २१ आणि तो ३४ ला बंद होईल. तुमचं बंप रबर मात्र ३३ ला लागतं. म्हणजे रबर लागायच्या आधी शॉकअप तळाला आपटणार आणि एक दिवस ब्रॅकेट उखडणार. म्हणून रबराखाली ३ सेंटीमीटरचा ठोकळा द्या. रबर ३६ ला लागेल, दबायला दोन सेंटीमीटर राहतील.

खाली पाच-साडेपाच मिळवण्यासाठी वर तीन सोडायचे, असा हा सौदा आहे. शॉकअप चाकापेक्षा आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे एक चाक वर आणि एक खाली असताना चाकाला त्याहून जास्त मिळतं.

तीन गोष्टी शॉकअप लावायच्या आधी तपासा. ॲक्सल पूर्ण लोंबवून चेसीपासून ॲक्सलवर येणारा ब्रेकचा होज ताणला जातो का. ब्रीदरची (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी सुटते का. प्रॉपेलर शाफ्टचा सरकता जॉइंट किती बाहेर येतो. होज हा माझ्यासाठी सगळ्यात वरचा मुद्दा आहे.

---

केळदवाट
३० जून, रात्री ११:३०

काम झालं. दोन आठवडे लागले, कारण उघडल्यावर बरंच काही निघालं.

मागच्या उजव्या जुडग्याचा सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरून ॲक्सलवर जागेवर ठेवणारा) मधोमध झिजून निम्मा झाला होता आणि ॲक्सल सहा मिलिमीटर मागे सरकलेला. गाडी इतकी वर्षं किंचित तिरकी चालत होती आणि मी अलाइनमेंटला दोष देत होतो. डाव्या शॅकलचा बुश पिनेवर अक्षरशः चिकटलेला, भट्टीवाल्याने तापवून पिन काढली. ती शॅकल हलतच नव्हती. म्हणजे चाक वर गेल्यावर पाटा लांब व्हायला जागा शोधायचा आणि जागा मिळायचीच नाही.

पाटे सुटे केले. प्रत्येक पाटा घासला, भेगा बघितल्या, टोकांच्या कडा गोल केल्या म्हणजे खालच्या पाट्यात रुतणार नाहीत. टोकांना नायलॉनच्या चकत्या, मधे ग्रॅफाइट ग्रीस. काका, तुमची आठवण काढत घासलं. पाटेकमान दादांनी फोनवरून सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण मेकॅनिक ती करत नव्हता. रबरी बुशच्या पिना गाडी हवेत असताना आवळायच्या नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर शेवटचं आवळायचं. नाहीतर रबर लोंबलेल्या स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि दोन महिन्यांत फाटतं. आमच्याकडे हे दोनदा खोलून तिसऱ्यांदा नीट केलं.

प्रत्येक टप्प्यानंतर भोसरीला जाऊन मोजलं. मित्र कंटाळला नाही, त्याचे आभार.

सुरुवात ३८. पुढेमागे पाटे सुटे करून ग्रीस, नवे बुश, शॅकल मोकळ्या, क्लिपा सैल: ४३. म्हणजे पाच सेंटीमीटर केवळ सफाईचे! मागचे नवे शॉकअप आणि बंपचे ठोकळे: ४८. जादा पाटा काढल्यावर ५३. ताईंच्या रीतीने हिशेब केला, ३७० चे ५१७ झाले.

ब्रेकचा होज खरंच ताठ होत होता, बोटाने छेडला तर वाजेल इतका. तो आहे तसा ओढून चालवायचा नाही म्हणून लांब मापाचा नवा घेतला आणि चाक वळवून, लोंबवून, दाबून सगळीकडे बघितला. प्रॉपेलर शाफ्टला अडचण नाही.

मागची उंची अडीच सेंटीमीटरने उतरली. दिसायला गाडी आता सरळ उभी दिसते.

---

स्प्रिंगरेट
१ जुलै, सकाळी ६:५०

मनापासून आनंद झाला. पण शेवटून दुसरं वाक्य वाचून लगेच लिहितेय. मागची उंची अडीच सेंटीमीटर उतरली, तर ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह सेट केला का? चेसीवर बसलेला असतो आणि एका दांडीने ॲक्सलला जोडलेला. ॲक्सल चेसीच्या जवळ आला की त्याला वाटतं गाडी भरलीये, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तुमची गाडी आता रिकामी असतानाही त्याला भरलेली वाटत असणार. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील.

सेट करेपर्यंत घाटात जाऊ नका. कृपया.

---

केळदवाट
२ जुलै, रात्री ९:१५

ताई, काल सकाळी तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच निघालो होतो. रस्ता मोकळा होता, पाऊस भुरभुरत होता, समोर कुत्रं आलं म्हणून ब्रेक दाबला. वेग चाळीसच्या आत. मागची बाजू डावीकडे गेली. कोणाला काही झालं नाही, कुत्रंही वाचलं, पण तिथेच बाजूला घेऊन फोन उघडला तर तुमचं लिहिणं समोर.

तसाच हळू परत आलो. मेकॅनिकने दांडीची लांबी सेट केली, मग मोकळ्या जागेत ओल्या जमिनीवर चार वेळा ब्रेक मारून बघितला. आता पुढची चाकं आधी धरतात. हा मुद्दा आमच्या यादीत आधीच असायला हवा होता. पाट्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून वेगळा प्रतिसाद लिहितोय.

---

मावळा४बाय४
३ जुलै, दुपारी १२:१०

मस्त काम. बिजागरीच्या शॅकलचं माझं मत मागे घेतो, ताईंचं पटलं. आता टेस्टिंगला मढे घाटाच्या सड्यावर घ्या, तिथे छान उंचसखल आहे. नाहीतर वेताळ टेकडी जवळ पडेल.

---

केळदवाट
३ जुलै, रात्री ८:३०

नाही भाऊ, दोन्हीकडे नाही. सड्यावर हातभर माती असते कुठे, बोटभर असते, आणि त्यावरच पावसाळ्यात सगळी फुलं. एकदा चाकाने ती सोलली की कातळच उरतो. टेकडीवर पहाटे माणसं चालतात, मोर असतात. गाडी तिथे नेण्याचं मला काही कारण नाही. आमची वाट आहे, तिच्यावरच बघू.

---

निवृत्त_वर्कशॉप
३ जुलै, रात्री ९:०५

शाब्बास.

चरात उतरण्याआधी हवा कमी करायला विसरू नको. ३५ ची २० वर आण. टायर दगडाला बिलगतो, गाडीचा आपटही कमी होतो. फार खाली जाऊ नको, आपल्या काळ्या दगडाच्या कडा टायरच्या बाजूला कापतात. परत डांबरावर आल्याबरोबर भर, म्हणून पंप गाडीतच ठेव. आणि चाक फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर वाढवायचा नाही. डाव्या पायाने ब्रेक हलका धरायचा. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याला जोर मिळतो.

---

केळदवाट
२१ जुलै, रात्री १०:००

काल गेलो. वेल्ह्यापासून पाऊस, समोर तोरणा दिसतच नव्हता. हौद्यात गेल्या वर्षी राहिलेल्या जागेसाठी दहा कलमं आणि खताच्या चार गोण्या, म्हणजे दोनशे किलो. वडील शेजारी.

पहिल्या चराआधी उतरलो, हवा २० केली, वाट चालून बघितली. यंदा चर अजून खोल झालाय. फोर लो (फोर बाय फोरचा हळू, जास्त जोराचा गिअर) टाकला, पहिला गिअर. पुढचं डावं काठावर चढलं, गाडी तिरकी झाली, आणि मी आरशातून मागचं डावं चाक बघत होतो. ते खाली जात राहिलं. मडगार्ड आणि टायरच्या मधे मी कधी बघितली नव्हती इतकी जागा झाली. तळाला टेकलं. मग दीड-दोन सेकंद ते फिरलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे ब्रेक हलका धरला, आणि गाडी निघाली. दुसऱ्या चरात फिरलंसुद्धा नाही.

वडील काही बोलले नाहीत. शेतात उतरल्यावर मात्र गाडीच्या मागे जाऊन वाकले आणि पाट्यांवर हात ठेवून बघितलं.

परतताना एक आवाज ऐकू आला, मागून, छोट्या खड्ड्यात टक् असा. नायलॉनची एक चकती निसटलीये असं वाटतंय. पाटेकमान दादा, उघडावं लागेल का?

---

पाटेकमान
२२ जुलै, सकाळी ७:१०

आधी यू बोल्ट, जुडगा ॲक्सलला आवळून धरणारे. काम झाल्यापासून पुन्हा आवळलेत का? नवे बुश आणि चकत्या बसतात, जुडगा किंचित पातळ होतो, यू बोल्ट सैल पडतात. शंभर किलोमीटरला एकदा आणि पाचशेला एकदा आवळायचेच. सैल राहिले तर तुमचा नवा सेंटर बोल्टही जुन्याच्या वाटेने जाईल. ते करूनही आवाज राहिला तर चकती, आणि तिच्यासाठी अख्खा जुडगा उघडायचा नाही. चेसीला जॅक, ॲक्सल लोंबता, मग जाड स्क्रू ड्रायव्हरने पाट्याचं टोक उचलून चकती आत सरकवता येते.

---

केळदवाट
२२ जुलै, रात्री ८:४०

यू बोल्टच होते दादा. उजवीकडचे दोन पाऊण फेरा फिरले. आवाज गेला. आजचं किलोमीटर रीडिंग डायरीत लिहून ठेवलंय, पाचशेला पुन्हा आवळेन.

पुढच्या पाट्यांचे शॉकअप अजून जुनेच आहेत. दिवाळीनंतर तिथलं माप घेतो आणि इथेच टाकतो.